चुंबकाची जागा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कशाकशाची भीती वाटते असं विचारू नका, दिवस जाईल. कशाची वाटत नाही ते विचारा, एका शब्दात सांगते: गाईंची. बाकी सगळ्याची वाटते. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येणार, ओढून बघणार. शेगडी विझवली की वर तळहात धरून बघणार. रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडे बघून झाल्यावर पुन्हा एकदा पहिल्या बाजूला बघणार, तोवर तिकडून खरंच गाडी आलेली असणार. मी त्यांना तोंडावर भित्री भागूबाई म्हणायचे. त्या हसायच्या. "असू दे गं धाकटे," म्हणायच्या, "एकीनं भ्यायचं, एकीनं भांडायचं. चालतं घर." भांडायचं खातं अर्थातच माझ्याकडे होतं.

आम्ही दोघी एकाच गोठ्यात कामाला होतो. मी आता तिथे नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

चौसष्ट गाई. उंच पत्र्याचं लांबलचक छप्पर, मधून गाडी जाईल एवढी वाट आणि दोन्ही बाजूंना गव्हाणी. मी दूध काढायच्या यंत्रावर, जाऊबाई खुराकावर. गोठ्यामागे कामगारांच्या खोल्या होत्या, एका ओळीत. जाऊबाईंची शेवटची, तिला लागून आमची. मधली भिंत इतकी पातळ की मोठे दीर तिकडे खोकले की माझा नवरा इकडून म्हणायचा, काढा घ्या. मोठे दीर कमरेनं अधू झालेले, दिवसभर खाटेवर. जाऊबाईंच्या नोकरीवर ती खोली होती. नोकरी गेली की खोली गेली, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

त्यांच्या भित्रेपणाचा फायदा व्हायचा तो गाईंना. त्या कधी ओरडल्या नाहीत, काठी तर हातातच धरली नाही. एखादी गाय पाऊल टाकताना जरा जपून टाकतेय हे त्यांना दोन दिवस आधी दिसायचं. "चौदा नंबर रवंथ कमी करतेय," म्हणायच्या, आणि मी म्हणायचे, तिचा उपास असेल. संध्याकाळी चौदा नंबरला ताप. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवायचे नाहीत.

एकसष्ट नंबरला मी 'सासूबाई' नाव ठेवलं होतं. अंगानं रुंद, मानेनं ताठ, गव्हाणीत खुराक पडला की बाकीच्यांना ढकलून सगळ्यात आधी हजर. कुणाशी पटायचं नाही, फक्त जाऊबाईंशी. त्या जवळ गेल्या की ती मान लांब करायची आणि त्यांनी गळ्याखाली खाजवलं की डोळे मिटायची. "बघा," मी म्हणायचे, "खऱ्या सासूबाईंनी कधी असे डोळे मिटून लाड करून घेतले होते का?" त्यावर त्या दटावायच्या, पण तोंडाला हात लावून.

आता खुराकाच्या यंत्राचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. खुराक कालवायला एक भलामोठा मिक्सर होता. त्यात कोरडा चारा, पेंड आणि मुरघास, म्हणजे दाबून मुरवलेला हिरवा चारा, पडायचा, आत पाती फिरायची आणि बाजूच्या तोंडातून कालवण गव्हाणीत सांडायचं. त्या तोंडाशी हातभर लांबीची एक चुंबकाची पट्टी दोन क्लिपांनी बसवलेली असायची. गाय खाताना निवडत नाही. गवताबरोबर खिळा आला तर खिळा, तार आली तर तार, सरळ गिळते. ती तार पोटात जाऊन रुतते, आणि पोटाला लागून पुढे काळीज आहे. म्हणून ती पट्टी. तिला रोज काही ना काही चिकटलेलं असायचं. दुपारची फेरी झाली की जाऊबाई पट्टी काढायच्या, धुण्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवून पुसायच्या, परत बसवायच्या आणि दोन्ही क्लिपा बोटानं ओढून बघायच्या. तीनदा.

पूर्वी कधीतरी ही पट्टी जागेवर नव्हती आणि चार गाई गेल्या होत्या. तेव्हापासून मालकांनी मिक्सरच्या वर पाटी लावली होती: पट्टी काढून न बसवणाऱ्यानं त्याच दिवशी घरी जावं. मालक हळू आवाजात बोलणारे. असा माणूस रागावला की जास्त भीती वाटते.

त्या सोमवारी जाऊबाईंना दुपारपासून हुडहुडी भरली होती. डोळे लाल, हात थरथरताहेत. मी म्हटलं, जा घरी, मरायचं आहे का? त्यांनी पट्टी पुसली, बसवली आणि भिंतीला धरून धरून खोलीवर गेल्या. तासाभरानं माझ्या खोलीच्या किल्ल्या शेणाच्या गटारात पडल्या. जाळीखाली दीड हात खोल, वर पातळ शेण. नवरा कामावर, खोली बंद. मला काय सुचावं? चुंबक! मी मिक्सरची पट्टी काढली. क्लिपा इतक्या घट्ट की उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून तुटलं. पट्टीला दोरी बांधली, गटारात सोडली आणि दुसऱ्या फेकीला किल्ल्या वर. काय खूश झाले मी! पट्टी स्वच्छ धुतली, निथळायला फळीवर ठेवली. तेवढ्यात दुधाचा टँकर आला, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारायला लागला, आणि मी पळाले.

बस्स, एवढंच. पुढे दोन दिवस मला त्या पट्टीची आठवणसुद्धा झाली नाही.

ते दोन दिवस जाऊबाई तापानं फणफणत होत्या आणि खुराक तुफान करत होता. तुफान म्हणजे आमचा ट्रॅक्टरवाला. त्याला सगळ्याचीच घाई, नावच पडलं तुफान. मुरघासाच्या ढिगावर प्लास्टिक असतं आणि ते उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवलेले असतात. मंगळवारी त्यानं घाईत मुरघासाबरोबर एक फाटका टायर उचलून मिक्सरमध्ये टाकला. खडखड झाल्यावर थांबवलं, तुकडे काढले, पुढचं चालू केलं. टायरच्या आत बारीक तारा असतात. "तारा काय, पट्टीला चिकटतील," म्हणाला. पट्टी आहे की नाही हे बघायला वाकायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत.

गुरुवारी सकाळी मी शेवटच्या गाईंना यंत्र लावत होते, आणि जाऊबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. दोन्ही हातांत ती पट्टी.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "ही फळीवर होती. मी बसवलीच नाही गं. तापात पुसली आणि तशीच ठेवून गेले."

मला तत्क्षणी सगळं आठवलं. दोरी, गटार, हॉर्न. अंगठा ठणकायला लागला. तोंड उघडलं मी, देवाशपथ उघडलं. आणि पाटीवरची अक्षरं डोळ्यांसमोर आली. त्याच दिवशी घरी जावं. घरी म्हणजे कुठे? घर तर याच गोठ्यामागे होतं.

"कुणी पाहिलं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग बसवा जागेवर आणि गप्प राहा. दोन दिवसांनी काय होतंय?"

"तुफाननं टायर घातलाय त्यात. आत्ताच सांगत होता. हसत होता."

जाऊबाई वळल्या आणि गव्हाणीच्या ओळीनं चालायला लागल्या. मी मागोमाग. त्या एकेका गाईच्या बाजूला जायच्या, खांद्याच्या मागे पाठीवरची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरायच्या आणि दाबायच्या. पोटात दुखत नसेल तर गाय पाठ खाली घेते. तार रुतली असेल तर घेत नाही, कण्हते. एक, दोन, तीन. पाठी खाली जात होत्या. अकरा, बारा. मी मनात म्हणत होते, नसू दे, कुणालाच नसू दे, म्हणजे सांगायलाच नको.

सासूबाई गव्हाणीवर नव्हती. खुराक पडला होता आणि ती मागे कोपऱ्यात उभी होती. पाठ कमानीसारखी वर, पुढचे पाय फाकवलेले. जाऊबाई गेल्या, तरी मान लांब केली नाही. त्यांनी पाठ चिमटीत धरून दाबली. ती कण्हली. असा आवाज मी गाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बारीक, दाबून ठेवलेला, दात घट्ट मिटून सोसणाऱ्या बाईचा असतो तसा.

जाऊबाई तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मालकांना सांगते."

"वेड लागलंय का? खोली जाईल. भाऊजींना कुठे नेणार, रस्त्यावर?"

"दुखतंय गं तिला. आणखी कितीजणींच्या पोटात आहे कुणास ठाऊक. आज कळलं तर त्या वाचतील."

"आणि भीती नाही वाटत?"

"वाटते की. पाय उचलत नाहीयेत माझे. पण भीती मला काय आजच वाटतेय का?"

आणि त्या गेल्या. चौसष्ट गाईंच्या मधून, ती पट्टी छातीशी धरून. मालकांच्या खोलीच्या दारापाशी थांबल्या, हात वर केला, खाली घेतला, परत वर केला. मी दुधाच्या टाकीमागे उभी राहून बघत होते. तिखट जिभेची, कुणाच्या बापाला न भिणारी मी, टाकीमागे लपले होते. दार उघडलं आणि त्या आत गेल्या.

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. बरोबर खोकाभर चुंबक, बोटाएवढे लांब, अंगठ्याएवढे जाड. लांब नळीनं एकेका गाईच्या घशाखाली एकेक सोडायचा. तो जन्मभर पोटात राहतो आणि तारा स्वतःला चिकटवून धरतो. आम्ही गाईंची तोंडं धरली. चौसष्ट गाई, संध्याकाळ झाली. आणखी दोघी कण्हल्या, पण चार दिवसांत खायला लागल्या. "आज कळलं म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईला उतरत्या फळ्यांवर उभं केलं, पुढचे पाय उंच, म्हणजे तार मागे सरकेल. ती सात महिन्यांची गाभण होती. पोटातलं वासरू पुढे दाबत होतं, तार काळजाकडे. जाऊबाई तिच्याजवळून हलत नव्हत्या. मी दूध काढायला जाता-येता बघायचे. रोज वाटायचं, आज रवंथ करत असेल. नवव्या दिवशी तिच्या गळ्याखाली पाणी उतरलं, मानेची शीर दोरीसारखी टरारली. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून छातीचा आवाज ऐकला आणि कानातून काढून ठेवली. "आता हिला ठेवणं म्हणजे छळ आहे," म्हणाल्या. इंजेक्शन दिलं तेव्हा जाऊबाईंनी तिच्या गळ्याखाली खाजवलं. तिनं डोळे मिटले. वासरूही गेलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी तार दाखवली, करंगळीएवढी. मी बघितली नाही.

मालकांनी जाऊबाईंना काढलं नाही. "स्वतः येऊन सांगितलंत म्हणून," ते हळू आवाजात म्हणाले, "पण मिक्सरला परत हात लावायचा नाही." त्यांना फरशी धुवायला लावलं. खोली राहिली. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, झालं ते झालं, कुणाचं काही गेलं नाही. स्वतःला किती फसवावं माणसानं!

कारण गेलं होतं ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. जाऊबाईंच्या आईला म्हातारपणी काही आठवेनासं झालं होतं. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. शेवटी त्यांनी पोटच्या मुलीला विचारलं होतं, बाई तुम्ही कोणाकडच्या? कुलूप ओढून बघणं, शेगडीवर हात धरणं, सगळं त्याच भीतीनं होतं. हे मला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, तरी मी भागूबाई म्हणायचं सोडलं नव्हतं. आता त्यांची खात्रीच पटली, की सुरू झालं. रात्रंदिवस त्यांचा एकच प्रश्न: नळ बंद केला का मी? दीर म्हणायचे, केलास. पाच मिनिटांनी पुन्हा. स्वयंपाक करायच्या बंद झाल्या. वासरांना बाटलीनं दूध पाजायला सांगितलं तर हात मागे घेतले, "मी एकाला दोनदा पाजीन आणि एकाला उपाशी ठेवीन." वजन उतरलं. कुणी हाक मारली की दचकायच्या.

मी रोज ठरवायचे, उद्या सांगते. उद्या उजाडला की पाटी दिसायची. अंगठ्याला नवं नख फुटत होतं, त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्यांना ताटात वाढताना त्या नुसतं 'पुरे' म्हणाल्या तरी मला वाटायचं, कळलं यांना.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गोठ्यातल्या नळावर हात धूत होतो. त्यांनी तळहात उघडला. त्यावर पेनानं लिहिलं होतं: नळ. कुलूप. शेगडी. घाम येऊन अक्षरं फिसकटली होती.

"हे काय?"

"असू दे. पुसलं की परत लिहिते." मग नळाच्या धारेकडे बघत म्हणाल्या, "धाकटे, तुला एक विचारायचंय. मला पुढे काही आठवेनासं झालं तर यांच्याकडे बघशील ना? मी आईला दोष देत नाही, पण तिनं मला ओळखलं नाही तेव्हा मी फार घाबरले होते. मी यांना ओळखलं नाही तर हे खाटेवर पडल्या पडल्या घाबरतील. उठताही येत नाही त्यांना."

"जाऊबाई, तुम्ही पट्टी बसवली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी काढली. किल्ल्या पडल्या होत्या गटारात. मी काढली, फळीवर ठेवली आणि विसरले. मी विसरले, तुम्ही नाही."

नळ वाहत होता. त्यांनी तो बंद केला नाही.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही."

"क्लिपा लावल्या होत्या मी?"

"दोन्ही. घट्ट लावल्या होत्या. हे बघा, नख तुटलं माझं काढताना."

त्यांनी माझा अंगठा हातात घेतला आणि अर्धवट वाढलेलं नख कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग आणखी एकदा विचारलं, "मी विसरले नव्हते?" मी मान हलवली. त्यांनी साबण घेतला आणि तळहात घासायला लागल्या. अक्षरं गेली तरी घासत होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंडानं नुसतं, "अगं बाई. अगं बाई गं."

मग त्यांनी नळ बंद केला, हात पदराला पुसला आणि माझ्या थोबाडीत मारली.

आयुष्यात कधी वासरावर हात न उगारलेली बाई. गाल चरचरला. जवळच्या दोन गाईंनी माना वर केल्या.

"एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण खाली गेला नाही. "सासूबाई मेली तेव्हाही तू बाजूला उभी होतीस."

"हो."

"आता जा आणि सांग."

"ते काढतील मला, जाऊबाई. तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत म्हणून राहिलात. मी..."

"मला माहीत आहे. जा."

मी निघाले. गव्हाणीच्या मधल्या वाटेनं मालकांची खोली साठ-सत्तर पावलांवर असेल. दोन्ही बाजूंना गाई चघळत होत्या, रिकाम्या एकसष्ट नंबरच्या जागी नवी कालवड बांधली होती. दारापाशी पोचले. हात वर केला, खाली घेतला. मी ज्या बाईला भित्री म्हणत होते ती याच दारापाशी उभी राहिली होती, जे केलंच नव्हतं ते सांगायला.

मागे वळून पाहिलं. जाऊबाई माझ्यासारख्या टाकीमागे लपल्या नव्हत्या. वाटेच्या मधोमध, मिक्सरपाशी उभ्या होत्या, मला दिसतील अशा. मी दार वाजवलं. आतून मालकांचा हळू आवाज आला, "या." आत पाऊल टाकताना मला मागे मिक्सरजवळून खट् असा आवाज आला, आणि पुन्हा खट्. त्या क्लिपा ओढून बघत होत्या.